शनिवारचा पांढरा तंबू

"अगं, नऊ बायकांसाठी एवढा मोठा तंबू?" नोझुकोबाई दारातच थबकल्या.

"नऊ कुठे, पंचवीस हव्यात ना? तंबू मोठा असला की माणसं आपोआप येतात," त्यांची लेक लिथा म्हणाली. ती दहावीत होती, नुकतीच वादविवाद स्पर्धेत पहिली आली होती, त्यामुळे तिला सगळंच माहीत होतं.

भानगड अशी, की सरकारने शाळेनंतरचं शिक्षण बळकट करायला घेतलं होतं, आणि बळकट करायचं म्हणजे आधी काहीतरी बंद करावं लागतं. यंदा पाळी आली दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केपमधल्या या वस्तीतल्या शिवणवर्गाची. नोझुकोबाई तो चौदा वर्षं चालवत होत्या. तसं पत्र आलं होतं, आणि खात्याचे म्बेकेनीसाहेब शनिवारी येणार होते. पंचवीस इच्छुक दिसले नाहीत, तर वर्गाला टाळं आणि नोझुकोबाई घरी. साहेबांनी बाईंना कधी पाहिलेलं नव्हतं. सरकार लांबूनच बळकट करतं.

म्हणून लिथाने तंबू सांगितला. तंबूवाल्याने सवयीने खुर्च्यांच्या रांगा मांडल्या. पहाटेपासून अंगणात चुलीवर तीन दांडगी पातेली चढली. दाराशी लिथाने आईचा भलामोठा फोटो लावला. केसांचा टोप, लाल लिपस्टिक. त्यात आईला शेजारीसुद्धा ओळखत नसत. पुढे फुलदाणीही ठेवली, शोभा म्हणून.

शनिवार, पांढरा तंबू, चुलीवर पातेली. या वस्तीत याचा अर्थ एकच होतो, आणि तो शेंबड्या पोरालाही कळतो. वादविवादात पहिल्या आलेल्या मुलींना मात्र कळत नाही.

सातलाच आठ-दहा अनोळखी बायका आपापल्या सुऱ्या घेऊन आल्या आणि न विचारता गाजरं सोलायला बसल्या.

"बघ, शिवणाची केवढी आवड आहे लोकांना," डोक्याला फडकं बांधून पातेलं ढवळणाऱ्या नोझुकोबाई भरून येऊन म्हणाल्या.

मग पलीकडच्या वस्तीतून गाडी भरून माणसं आली. मग चर्चच्या महिला मंडळाच्या बायका, लाल झगे, पांढऱ्या टोप्या. त्यांनी संथ सुरात स्तोत्र धरलं आणि मागच्या रांगेतून हुंदके यायला लागले. तेव्हा कुठे लिथाच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, यांना वाटतंय इथे मयत आहे."

नोझुकोबाईंचा डाव हवेतच राहिला. "कोणाची?"

"ते कोणी विचारलंच नाहीये. मी सांगून येते सगळ्यांना."

"थांब. किती झाले?"

"ऐंशीच्या वर."

"मग कशाला सांगतेस? आलेल्या माणसाला का आलास म्हणून विचारू नये."

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. साहेब उतरले, त्यांनी फोटो बघितला, फुलं बघितली, रडणारी गर्दी बघितली आणि काळा चष्मा काढून खिशात ठेवला. सकाळी गाजरं सोलायला आलेल्यांतल्या मातोलो आजी आता खुर्चीवर टेकल्या होत्या, हळूच जाऊन ते त्यांच्याशेजारी बसले.

"आजी, बाई कशाने गेल्या?"

कोण गेलं ते मातोलो आजींनाही ठाऊक नव्हतं. पण मयतीला येऊन माहीत नाही म्हणणं बरं दिसत नाही. गाजरं सोलताना कानावर पडलं होतं, ते त्यांनी वापरलं.

"शुगर होती म्हणे. पण खरं सांगू? ते सरकारी पत्र. ते आल्यापासून बाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता."

साहेबांना ठसका लागला. पत्रावर सही त्यांचीच होती.

ते उठले, भाषणाचा कागद घडी करून खिशात कोंबला आणि पुढे जाऊन उभे राहिले. "बांधवांनो, आज खातं तुमच्या दुःखात सामील आहे. बाईंचं काम थांबणार नाही. हा वर्ग चालूच राहील. नवी मशीनं येतील. हा माझा शब्द."

"आमेन," तंबू गरजला. महिला मंडळाने लगेच पुढचं स्तोत्र धरलं.

नोझुकोबाई पातेल्यापाशी ढसाढसा रडत होत्या. जेवायच्या रांगेत साहेब त्यांच्यासमोर आले.

"तुम्ही बहीण का? चेहरा मिळतोय."

लिथाने आईला कोपर मारलं. आईने तिला परत मारलं.

"अं... जवळचीच आहे, साहेब."

"वर्ग चालवायचा तर शिकवायला माणूस हवं. तुम्हाला शिवता येतं?"

"येतं थोडंफार."

"अनुभव नसेल, पण तो कामाने येतो. सोमवारपासून या. सहा महिने तात्पुरत्या, मग बघू, ताईची सर येते का तुम्हाला."

"सर कुठली येतेय, साहेब," डोळे पुसत नोझुकोबाईंनी त्यांच्या ताटात बिटाचा आणखी एक डाव वाढला. "तिच्यासारखी तीच."