बंद गाडीचं चालू इंजिन

"गाडीला काय झालंय ते आता गाडीच सांगेल, बाबा," असं म्हणत जावयाने खिशातून काडेपेटीएवढी डबी काढली. ती डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये बसवली की इंजिनाची सगळी दुखणी ब्लूटूथने मोबाइलवर दिसतात, असं त्याने वाचलं होतं.

सासऱ्यांची गाडी जुनी, त्याची बायको शाळेत होती तेव्हापासूनची. सकाळी तिच्या डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता आणि दुपारी आत्याला आणायला स्टेशनवर जायचं होतं.

"मेकॅनिकला फोन करू का?" सासऱ्यांनी विचारलं.

"मेकॅनिक अंदाज बांधतो. हे मोजतं."

एवढं बोलून तो स्टिअरिंगखाली आडवा शिरला. पाय दाराबाहेर. सासऱ्यांनी त्याच्या चपला उचलून बाजूला ठेवल्या.

डबी बसली. तिचा दिवा काही लागला नाही, पण मोबाइलवर तिचं नाव आलं, तेव्हा त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. एक बिघाड सापडला. त्याने तो ऐटीत पुसून टाकला. तरी डॅशबोर्डवरचा दिवा तसाच.

"इंजिन चालू आहे ना, म्हणून," तो म्हणाला. "बंद करा."

सासऱ्यांनी दिव्यांपुरतीच फिरवलेली किल्ली दाखवली. "बंदच आहे."

"पण इथे चालू दाखवतंय."

"आवाज येत नाही."

"आतल्या आत चालू असेल," तो म्हणाला, आणि हे आपण काय बोललो, असं त्यालाच वाटलं.

मग बॉनेट उघडून त्याने बॅटरीची वायर काढली. डॅशबोर्ड काळाठिक्कर पडला. मोबाइलवरचं इंजिन मात्र जरा जोरातच फिरू लागलं. सासरे गाडीपासून दोन पावलं मागे सरकले.

"इतकी वर्षं चालवतोय," ते हळूच म्हणाले, "पण हिच्यात एवढा दम आहे, हे माहीत नव्हतं."

तेवढ्यात शेजारच्या नव्या गाडीची काच खाली आली. आत दातांच्या डॉक्टरीणबाई एसी लावून फोनवर बोलत बसल्या होत्या.

"अहो, गंमत बघा. माझ्या गाडीचा पिवळा दिवा आपोआप गेला. मी मुद्दाम तपासायची डबीसुद्धा लावून ठेवली होती, पण बघायला वेळच झाला नाही."

जावयाने मोबाइलकडे पाहिलं. मग त्यांच्या गाडीकडे. जुन्या गाडीतली डबी मुळात बोललीच नव्हती; मोबाइल इतका वेळ बोलत होता तो शेजारच्या तशाच डबीशी. त्याने सासऱ्यांना आणि बाईंना खरं ते सांगितलं, खाली मान घालून.

बॅटरी परत जोडली, पण गाडी आता सुरूच होईना. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच दोघांना स्टेशनवर सोडायचं ठरवलं. सासरे पुढे, जावई मागे.

"हाताला गुण आहे हो तुमच्या," आरशातून बघत त्या म्हणाल्या. "दवाखान्यातली माझी खुर्ची मध्येच अडते. एकदा येऊन बघाल का?"

"पाठवतो की," सासरे शांतपणे म्हणाले. "फक्त त्यांना शेजारच्या दवाखान्यात बसवा."