पाखऱ्यावरचा आळ

“कोपर म्हंजी दाराची बिजागरी हाय, बेटा. आत येती, भाईर जाती. तिला तिसरीकडं फिरवशील तर दार हातात यील.”

गनीभाई वस्तादांचा हा आवाज मच्छिंद्रने पंधराव्या वर्षी ऐकला, तालमीच्या लाल मातीत, हाताला तेल चोळता चोळता. पुढचंही त्याला पाठ होतं. मनगट म्हणजे आठ खड्यांची पुरचुंडी. खडे एकमेकांना धरून आहेत तोवर मनगट, सुटले की नुसती पुरचुंडी. अंग तापवल्याशिवाय जोर लावायचा नाही. हिसडा द्यायचा नाही. आणि पंजा लढवताना खांदा हाताच्या मागंच ठेवायचा; हात एकीकडं अन् खांदा दुसरीकडं गेला की कोपर बोंबललंच म्हणून समजा.

आता मच्छिंद्र चाळिशीला आला होता. मुळेकाठच्या त्या गावात तालमीतल्या पोरांना हेच धडे तो देई आणि शेवटी छाती काढून सांगे, “वीस वरसांत ह्या हाताला साधी मुरगळ न्हाई. का? तर अक्कल.”

एका सकाळी ही अक्कल घेऊन तो घरी आला, तेव्हा त्याची बायको गोजरबाई जात्यावर बाजरी दळत होती. दळता दळता गात होती, आणि गाणं अर्थातच पाखऱ्याचं होतं. पाखऱ्या म्हणजे दारातला बैल. त्याला जन्म देऊन गाय मेली, तेव्हा गोजरबाईने बोटाने पेज चाटवून ते वासरू जगवलं होतं. घरात मूल नव्हतं. ओव्या होत्या, त्या सगळ्या बैलाच्या वाट्याला आल्या.

पाखऱ्या माझा बाई, उभा राहतो अंगनात
चंद्रकोर शिंगांची, हाले पान्याच्या घंगाळात

मच्छिंद्र उंबऱ्यातच थांबला. “तुझं मनगट वाकडं पडतंय.”

“मग तुमी दळा.”

“दळायचं न्हाई, समजून घ्यायचं. ये हिकडं, पंजा धर. मनगटाचं कुलूप कसं बसतं त्ये दावतो.”

“पीठ हाय हाताला.”

“असू दे. तू दोनी हात लाव, मी एक लावतो.”

गोजरबाईने एकच हात लावला.

मधल्या पाटावर दोन कोपरं टेकली. पैलवानाने हसत हसत जोर लावला. हात हलला नाही. हसणं थांबवून लावला. तरी नाही. समोरची बाई वीस वर्षं रोज पहाटे जातं ओढत होती आणि वरून विहिरीचं पाणी शेंदत होती. तिचं मनगट जमिनीत ठोकलेल्या खुंट्यासारखं उभं होतं. मच्छिंद्रच्या कानशिलावरून घाम निघाला. अंग तापवलेलं नव्हतंच. त्याने हिसडा दिला. मग खांदा फिरवला. जन्मभराचे तीन धडे एका दमात मोडले, आणि कोपरापासून मनगटापर्यंत वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

“अगं बया. लागलं व्हय?”

“न्हाई,” मच्छिंद्र म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं ते पिठामुळं, असंही म्हणाला.

दुपारपर्यंत मनगट दुधी भोपळ्याच्या अंगाने वाढत गेलं. तेवढ्यात शेजारचा सहादेव आला, जत्रेतल्या कुस्त्यांचं ठरवायला. मच्छिंद्र दर साली तिथे पंच असे.

“हाताला काय झालं वो, पैलवान?”

मच्छिंद्रने इकडंतिकडं पाहिलं. चुलीपाशी गोजरबाई होती. दाराशी पाखऱ्या रवंथ करत होता.

“बैलानं हिसडा दिला.”

पाखऱ्याने मान वळवून त्याच्याकडं बघितलं. गोजरबाईनेही बघितलं.

समुद्रापलीकडची मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं आणि तिकडच्या बातम्या आटल्यापासून गावाला चघळायला काही उरलं नव्हतं. ऊन कलेपर्यंत पाखऱ्याने पैलवानाला कुंपणापलीकडं फेकलं. दिवेलागणीला तो त्याच्या छातीवर पाय देऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी शेजारची दगडाबाई अर्धा कोस वळसा घालून पाण्याला गेली, आणि बैलाच्या शिंगाला रक्त आपण डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगत परत आली. तो गोजरबाईने हौसेने लावलेला हिंगुळाचा लाल रंग होता.

हात बसवायला गनीभाई वस्ताद आले. आता सत्तरीचे, पण अंगठा अजून पहिल्यासारखा. एकेक खडा चाचपत त्यांनी विचारलं, “दावं धरलं हुतं व्हय हातात?”

“व्हय.”

“मग तळहातावर त्याचा वळ कसा न्हाई?” त्यांनी हात उलटा केला. हाताच्या पाठीवर चार निळे ठसे होते, ओळीने. “बेटा, बैलाला बोटं कवा फुटली?”

मच्छिंद्रने कानात सांगितलं. वस्ताद एवढे हसले की त्यांना खाटेचा आधार घ्यावा लागला. मग आंबेहळदीचा लेप, एरंडाचं पान, वर बांबूच्या कामट्या बांधून ते म्हणाले, “हाड मी बसवलं. बोलनं ज्याचं त्यानं बसवायचं.”

पण बोलायला सवड मिळाली नाही. दारात काकासाहेब पाटील उभे होते आणि त्यांच्यामागं अख्खी तालीम.

“जत्रा चार दिसांवर आली, पैलवान. बायापोरांची गर्दी व्हनार. मारका बैल गावात नगं. उद्या सकाळी सहादेव त्याला घोडेगावच्या बाजारी नेईल.”

मच्छिंद्रने तोंड उघडलं. पाटलामागच्या पोरांकडं पाहिलं. मिटलं.

“गोजरबाई, तुमी तर घरातच हुता,” पाटील म्हणाले. “तुमी बघितलं आसंल.”

गोजरबाईने पदर सारखा केला. “धनी सांगत्यात त्येच.”

दुसऱ्या दिवशी पहाटे जातं वाजलं नाही. उजाडल्यावर पाटील, वस्ताद आणि शेजारीपाजारी अंगणात जमले आणि सहादेवने दावं सोडलं. गोजरबाईने हातातली भाकरी पाखऱ्याला चारली, त्याच्या शिंगांमधून एकदा तळवा फिरवला आणि बाजूला झाली. “दावं सैल धरा, भावजी,” एवढंच म्हणाली. “गळ्याला करकोचा पडतो.”

तिचा तो आवाज मच्छिंद्रच्या मनगटापेक्षा जास्त ठणकला.

“थांब, सहादेव. बैलाचं काय न्हाई. हिनं माझा पंजा पाडला.”

दगडाबाईने डोळ्याला पदर लावला. “किती जीव म्हनायचा बैलावर. सोताची अब्रू घालवाया निघाला मानूस.”

पाटलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पैलवान, मुक्या जनावरासाठी इतकं खोटं बोलू नगा.”

“खरंच पाडला वो,” मच्छिंद्र काकुळतीला आला. अब्रू द्यायला निघालेला माणूस, आणि घ्यायला कुणी तयार नाही.

“मग पारखून घ्या की,” वस्ताद म्हणाले.

पाट अंगणात आला. सहादेव बाह्या सारत बसला. “लाजू नगा वहिनी, दीरच हाय मी.” मच्छिंद्रला राहवलं नाही. “सहादेव, अंग तापवून घे. आन खांदा अजाबात—”

सांगणं पुरं व्हायच्या आत सहादेवचा हात पाटाला चिकटला होता. इजा काही झाली नाही. खांदा फिरवायलाही त्याला वेळ मिळाला नव्हता. “आनखी कोन?” वस्तादांनी पाटलांकडं बघून विचारलं. पाटलांना चावडीवरचं काम आठवलं. जाता जाता म्हणाले, “बैल गरीब हाय. ऱ्हाऊ द्या.”

अंगण रिकामं झालं. पाखऱ्या परत खुंट्याला आला. मच्छिंद्र गळ्यात हात बांधून ओट्यावर बसला होता.

“आता तालमीत कोन पुसनार मला,” तो म्हणाला.

गोजरबाई बैलाच्या मानेखाली खाजवत राहिली. मग म्हणाली, “एक सांगू? रागवायचं न्हाई.”

“रागवायला ऱ्हायलंय काय?”

“भावजींचा पाडला, तसा तुमचाबी हात मी तवाच पाडला असता. मुद्दाम धरून ठिवला.”

“का गं?”

ती बैलाकडंच बघत होती.

“लगनात हातात हात दिला, त्याच्यामागनं तुमी माझा हात एवढा येळ धरलाच कवा हुता?”