थांबायला जरा वेळ घेते

“हिला थांब म्हटलं की ही आधी विचार करते,” हरीश ब्रेक दाबता दाबता पुटपुटला. शेजारी नीलांबरीचा उजवा पाय आपोआप ताठ झाला. गाडी घेतल्यापासून तिच्या बाजूची मॅटसुद्धा झिजली होती.

सोमवारपासून ही गाडी ओवी चालवणार होती. लेकीला लायसन्स मिळालं आणि नीलांबरीची झोप उडाली. त्यांचं पामर्स्टन नॉर्थ शहर सपाट, म्हणून आजवर निभावलं होतं.

“आई, जस्ट टेल द डीलर,” मागच्या सीटवरून ओवी म्हणाली. “ब्रेक्स आर फॉल्टी, फिक्स देम. नाही केलं तर ट्रायब्युनल. सिंपल!”

कायदा पाठीशी होता; ट्रायब्युनल म्हणजे गाड्यांच्या तक्रारींचा लवाद ओवीनं शोधूनही ठेवला होता. अडचण एवढीच, की गाडी विकणारा डीलर म्हणजे मराठी मंडळातला श्रीनाथ होता. हे दोघं या देशात उतरली त्या दिवशी विमानतळावर वरणभाताचा डबा घेऊन उभा राहिलेला श्रीनाथ! त्याला ‘तुझा माल खराब’ म्हणायचं कुठल्या तोंडानं?

तरी दोघं त्याच्या गाड्यांच्या यार्डात गेली. चहा आला, चकली आली.

“काय म्हणतेय गाडी, हरीशराव?”

“उत्तम! थांबायला जरा वेळ घेते, एवढंच.”

“घेऊ दे की. घाई कसली?”

श्रीनाथ हसला, भिडेपोटी हरीशही हसला, आणि परतताना नीलांबरीच्या मांडीवर चकल्यांचा डबा होता. आता डबा रिकामा कसा परत करायचा? तिनं नारळाच्या वड्या भरून पाठवला. तो चिवडा होऊन आला. चिवड्याचा डबा हातात घेऊन कुणी तक्रार करतं का?

मग तिनं इमेल लिहिली. सुरुवात श्रीनाथच्या आईच्या गुडघ्यांपासून झाली आणि शेवटी ‘ब्रेककडे सवडीनं बघावं’ एवढंच उरलं. उत्तर आलं, ‘वड्या फर्मास होत्या. सवडीनं बघतोच.’ ट्रायब्युनलपुढे ठेवायला हाती पुरावा होता, तो वड्या आवडल्याचा.

शनिवारी श्रीनाथचाच फोन. त्याची गाडी सकाळीच गिऱ्हाइकाला गेली होती; त्याला आणि आईला मंडळाच्या कार्यक्रमाला न्याल का?

“हो म्हण,” नीलांबरी कुजबुजली. “आपल्याला बोलता येत नाही ना? ब्रेकच बोलू दे.”

सांगलीहून महिन्यापूर्वीच आलेल्या त्याच्या आई, आशालताबाई, पुढे बसल्या, श्रीनाथ आणि नीलांबरी मागे. हरीश इतका हळू निघाला, की सायकलवरची एक आजी हात करून पुढे गेली.

“हरीशराव, बरं नाहीये का?” श्रीनाथनं विचारलं.

“छे छे! मजेत.”

हॉलच्या पार्किंगमध्ये हरीशनं ब्रेक दाबला. गाडी किंचाळली, विचारात पडली, हिरवळीवर चढली आणि कुंपणाच्या झुडपात नाक खुपसून थांबली. काचेवर पानं पसरली.

“हिरवळ छान राखलीय,” हरीश म्हणाला.

“यंदा पाऊसही बरा झाला,” श्रीनाथ खिडकीबाहेर बघत म्हणाला.

नीलांबरीनं धीर केला. “सोमवारपासून ही गाडी ओवी...” म्हणता म्हणता ती काचेवरची पानं बघू लागली.

आशालताबाईंनी डोळ्यांवरचे हात काढले.

“हिरवळ कसली बघताय? ब्रेक गेलेत हिचे! आणि ही त्या पोरीच्या हातात देणार? कुठल्या मेल्यानं तुमच्या गळ्यात मारली ही?”

हरीशनं स्टिअरिंगकडे बघितलं. नीलांबरीनं पदर सारखा केला. शेवटी मागच्या सीटवरून, वर्गात गुरुजींपुढे उभं राहावं तसा आवाज आला.

“मीच गं, आई.”