आंब्यावरचा पाणघोडा

टांगा या आमच्या बंदराच्या शहरातल्या एका वॉर्ड कचेरीची दर्शनी भिंत रंगवून झाली आणि त्याच दिवसापासून तिथल्या शेम्वेता साहेबांचं लक्ष कामातून उडालं, असं कचेरीतले लोक सांगतात. ते लक्ष आधी कामात होतं, असं कुणी म्हणत नाही.

चित्र सिवेमाचं. ती बंदरावर मांदाझी नावाचे गोड वडे तळायची, पण जीव सगळा रंगांत. भिंत साहेबांना पसंत पडली तर शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून नेमणूक होणार होती. म्हणून तिने जीव ओतून, स्वप्नात दिसलं तसंच्या तसं काढलं: निळी टेकडी, टेकडीवर समुद्र, त्यात छत्र्या धरून पोहणाऱ्या शेळ्या, आणि आंब्याच्या फांदीवर गाढ झोपलेला पाणघोडा.

आता आमच्या बाया अंगाभोवती गुंडाळतात त्या रंगीत कापडावर, कांग्यावर, एक ओळ छापलेली असते. शेजारणीला टोमणा मारायचा तर तोंड उघडायला नको. तसल्या ओळीचा कांगा गुंडाळून तिच्या दारावरून दोनदा गेलं की झालं. तेव्हा भिंतीवर ओळ नाही म्हणजे ती मुद्दाम गाळली, आणि गाळली म्हणजे कुणाला तरी झोंबणारी असणार. शेम्वेता साहेब अंगाने भरलेले, दुपारी कचेरीमागच्या आंब्याखाली डुलकी काढणारे. खाई त्याला खवखवे.

साहेबांनी अर्थनिर्णय समिती नेमली. पाणघोडा म्हणजे साहेब नव्हेत, असा ठराव समितीने पहिल्याच बैठकीत एकमताने केला आणि तो सूचना फलकावर लावला. ज्यांच्या मनातही नव्हतं, त्यांच्याही मनात मग ते आलं. पाणघोडा खरवडून काढावा, तर का काढला म्हणून चर्चा होणार. शेवटी चित्राखाली अधिकृत ओळ रंगवण्यात आली: ‘हे चित्र कुणाबद्दलही नाही.’ हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! महिन्याभरात त्याच ओळीचा कांगा बाजारात आला. पहिला साहेबांच्या बायकोने घेतला आणि तोच गुंडाळून त्यांना जेवायला वाढलं.

साहेबांनी सिवेमाला समितीपुढे बोलावलं.

“बाई, तुमच्या नेमणुकीचा कागद हा इथे आहे. फक्त सही राहिलीय. पाणघोडा कोण, एवढं सांगा.”

“पाणघोडाच आहे, साहेब.”

“ते आम्हालाही दिसतंय. पण कोण?”

“स्वप्नात आला होता. झोपलेला होता, नाव कसं विचारणार?”

उत्तर अपूर्ण असल्याची नोंद झाली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. सिवेमाने कागदाकडे पाहिलं. नाहीतर आयुष्यभर तळणीपुढेच उभं राहायचं.

“तुमच्या आधीचे साहेब,” ती हळूच म्हणाली.

समितीने सुटकेचा निःश्वास टाकला. मलाही तोच संशय होता, असं प्रत्येकाने सांगून घेतलं, आणि सही झाली. बाहेर आल्यावर सिवेमाला रडू आलं. बिचारं जनावर, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आपण त्याला साहेब करून टाकलं.

आणि तुम्ही? इथवर वाचताना फांदीवर कुणाला पाहत होतात? नाव ओठांवर आलंय ना? गिळा ते. तुमच्याही कुठल्या तरी कागदावर सही राहिलीच असेल.