घरी शिकवण्याचा क्लास

आई हीच मुलाची पहिली गुरू, यावर जगातल्या सगळ्या धर्मांचं एकमत आहे. आईला कुणी विचारलेलं नाही, एवढंच.

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या एका अभिजात ख्रिस्ती शाळेने हे तत्त्व भलतंच मनावर घेतलं होतं. आठवड्यातले तीन दिवस मुलं चर्चच्या हॉलमध्ये बायबल, तर्कशास्त्र आणि लॅटिन शिकत. मंगळवारी आणि गुरुवारी तेच आईवडिलांनी घरी शिकवायचं. याला भागीदारी म्हणतात. (गृहपाठ दोघांनाही असतो.)

सुलक्षणाला शाळा बघताक्षणी आवडली. मुलं उभी राहून पाठांतर म्हणत होती, एकाच्याही हातात फोन नव्हता.

"पण आपण हिंदू ना गं?" नवऱ्याने, मिहीरने, विचारलं.

"देव एकच असतो रे. वेटिंग लिस्ट बघितलीस का केवढी आहे!"

धर्मचर्चा तिथेच आटोपली. आठ वर्षांच्या ईराने मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घेतली, "ट्यूजडे-थर्सडे आई फुल डे माझी?" सुलक्षणाने त्यासाठी ऑफिसात पार्ट-टाइम मागून घेतलं. माउली!

पहिल्याच मंगळवारी लॅटिनच्या क्रियापदांनी माउलीला घाम फोडला. आपल्यापायी पोरगी मागे पडली तर? अशा वेळी मराठी आईला एकच उपाय सुचतो. तिने आणखी चार घरं गोळा केली, कम्युनिटी सेंटरमधली खोली भाड्याने घेतली आणि रश्मीमॅडम नेमल्या. नऊ ते तीन, हजेरी, घंटा, डबा. क्लासचं नाव इतकं झालं की घरी शिकण्यासाठी प्रवेशपरीक्षा ठेवावी लागली आणि त्या परीक्षेच्या तयारीसाठी शनिवारची बॅच. (इतकी शिस्त घरात शिकवून आलीच नसती.) मोकळ्या झालेल्या दोन दिवसांत सुलक्षणाने 'पालक हाच शिक्षक' हा शाळेचा ऑनलाइन कोर्स केला. त्यात ती पहिली आली.

पेरेंट्स ईव्हनिंगला हेडमास्तर भारावून म्हणाले, "ईराचं लॅटिन अप्रतिम आहे. घरी जे करताय, ते बिलकूल थांबवू नका." सुलक्षणाचे डोळे भरून आले.

गाडीत ईरा म्हणाली, "आई, माझा लॅटिन आता गुड आहे ना? मग ट्यूजडेला मी घरी राहू? तुझ्याबरोबर?"

"अगं राजा, पुढच्या वर्षी ग्रीक आहे!"

ईरा बरं म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

वाईट वाटलं ना पोरीचं? वाटणारच, तुम्ही हळवे पालक. पण हे सगळं तुम्हाला सलग, निवांत, कुणी मध्ये न येता वाचता आलं. तुमचं लेकरू आत्ता कुठल्या क्लासला गेलंय?