राजेशाही गाडीला वाट देण्याची रीत

माणूस जितका सुखवस्तू, तितका हळू प्रवास त्याला परवडतो. आमच्या चंद्रपूरच्या जंगलातून जाणारी नवी राजेशाही रेल्वेगाडी याच तत्त्वावर चालते. तिच्यात झुंबर आहे, न्हाणीघर आहे आणि न्हाणीघरात दुसरे लहान झुंबर आहे (आंघोळ करताना एकटे वाटू नये म्हणून). वेग बैलबंडीचा, कारण जोरात गेल्यास पाहुण्यांचे जंगल लवकर संपते.

तिला वाट देण्याचा मान आमच्या पॅसेंजरकडे आहे. आम्ही बाजूच्या रुळावर उभे राहतो. नव्वद टक्के प्रवासी याला उशीर म्हणतात. उरलेले दहा टक्के झोपलेले असतात.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवशी (मंडई म्हणजे आमची गावजत्रा; दिवसा बाजार, रात्री नाटक) मूल गावाच्या अलीकडे आम्ही असेच उभे होतो. माझ्या समोर रंजीता बसली होती. झाडीपट्टीच्या नाटकांत तिने आजवर नायिकेची मैत्रीणच केली. आज पहिल्यांदा नायिका. कंपनीचे मालक गुणवंतराव फोनवर म्हणाले होते, "दिवस बुडायच्या आत ये, नाई तं रिनाले उभी करतो." म्हणून तिने तोंडाला रंग गाडीतच लावला होता.

राजेशाही गाडी आली आणि आमच्या शेजारीच थांबली. तिच्या माहितीपत्रकात 'लोकजीवनाचे दर्शन' असा एक कार्यक्रम होता. ते लोकजीवन आम्हीच निघालो. शेजारच्या रुखमाबाईंची समजूत अशी, की मंडईच्या दिवशी इथे थांबतो तो मंडईचा पाहुणाच. त्यांनी डबा उघडून खिडकीतून हात बाहेर काढला.

"घ्या ना भाऊ, वडे आहेत. लाजून काऊन राह्यले?"

राजेशाही खिडक्या उघडत नाहीत. आतल्या मंडळींनी वड्यांचे फोटो काढले.

रंजीता खाली उतरून त्यांच्या व्यवस्थापकाकडे गेली. "भाऊ, आमची गाडी पयले सोडू द्या ना. आज माह्यं नाटक आहे."

"ताई, तुम्ही लोक ज्या शांततेने वाट पाहता, ते पाहुण्यांना फार आवडलंय," तो अदबीने म्हणाला. "अजून थोडा वेळ तशाच बसा."

ती येऊन बसली. काजळ गालावर उतरले. मला फार वाईट वाटले (पाहुण्यांना ते अस्सल वाटले).

आम्ही मांडवात पोचलो तेव्हा रिना नायिकेच्या शालूत उभी होती. रंजीताने त्या रात्रीही मैत्रिणीचेच काम केले. पसरलेले काजळ त्या कामाला चालते.

ही हकीकत मी पुण्या-मुंबईच्या पुष्कळ जाणत्या मंडळींना सांगितली. सगळ्यांनी मन लावून ऐकली आणि शेवटी एकच प्रश्न विचारला. तुमच्याही मनात तोच असेल, म्हणून उत्तर देऊन टाकतो.

नाही, वाघ दिसला नाही.