उजव्या टोकाचा माणूस

अड्याळला आमच्या आळीत रविवारी दुपारी "लाइन तोडली! मेला बे, मेला!" अशी आरोळी उठली, की नवखा माणूस घाबरून धावत सुटतो. आम्ही जागचे हलत नाही. आरोळी वामनकाकांची; त्यांच्या टीव्हीवर ग्रीकांची लढाई लागलेली असते, एवढंच.

वामनकाका माझे शेजारी. वरठीच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले. कुणाला भजनाचा नाद, कुणाला पत्त्यांचा. काकांना हिंदीत बोलणाऱ्या ग्रीक योद्ध्यांचा. असा एक सिनेमा सोडत नाहीत आणि एकही त्यांना आवडत नाही. मला म्हणतात, "पाहा मास्तर, उघड्या आंगानं लढून राहिला! चिलखत काय धोब्याकडे देल्लं?" तेवढ्यात नायक रांगेतून उसळी मारतो, हवेत गिरकी घेतो, एकटाच वीस जणांना कापतो. काका कपाळाला हात लावतात. "हे लढाई होय का दंडारीतला नाच? ढाल आपल्यासाठी नसते बावा, डावीकडच्यासाठी असते!"

एकदा मी म्हटलं, "काका, मला नाही समजलं." चूक झाली. पाच मिनिटांत आम्ही पाच शेजारी अंगणात खांद्याला खांदा लावून उभे, प्रत्येकाच्या डाव्या हातात धान पाखडायचं सूप. "अर्धं सूप तुम्हाले, अर्धं डावीकडच्याले. चाला!" चाललो. माझी उजवी कूस उघडी, म्हणून मी उजवीकडच्याच्या सुपाआड सरकलो, तो त्याच्या उजवीकडच्याच्या, आणि अख्खी फौज तिरकी तिरकी जात शेणखताच्या खड्ड्यात उतरली. काका आनंदाने नाचायलाच लागले. "हेच! खरी रांग अशीच उजवीकडे सरके! कोनत्या पिच्चरवाल्यानं दाखवलं हे?"

पाय धुता धुता मी विचारलं, "उजव्या टोकाच्या माणसाला कोण झाकायचं?"

"कोनीच नाही. म्हणून तिथं सगळ्यात खंबीर माणूस लागते."

पडवीतल्या खाटेवर शेवंताकाकी, काकांची बायको, हे सगळं बघून हसत होत्या. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती. पूर्वी विहारातली रविवारची वंदना त्यांनी कधी चुकवली नाही; आता चार महिने उंबराही ओलांडला नव्हता. पडू, लोक बघतील, ही धास्ती. काकांनी समजावून समजावून हात टेकले होते.

पुढच्या रविवारी सकाळी मी दारात दात घासत होतो. बघतो तर काका-काकी रस्त्यावर! काकींनी पांढरं लुगडं नेसलेलं. काका त्यांच्या उजवीकडे, डावा हात त्यांच्या पाठीमागून घट्ट, उजव्या हातात त्यांचा उजवा हात. समोरून मोटारसायकल गेली, काकी थबकल्या.

"लाइन तोडाची नाही, शेवंता," काका जोरात म्हणाले. आवाज नेहमीचा, पण पाऊल उचलत नव्हते. हा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्या उजवीकडे नुसता रस्ता होता, मोकळा. चूळ भरली, चपला घातल्या आणि जाऊन त्यांच्या उजवीकडे उभा राहिलो.

"तुम्ही काहून आले, मास्तर?"

"उजवं टोक उघडं होतं, काका."

काकांचे डोळे भरून आले होते, ते पुसायलाही त्यांना हात मोकळा करायचा नव्हता.

"चाला," काकीच म्हणाल्या.

विहारापर्यंत आमची रांग थोडी थोडी उजवीकडे सरकत गेली. पण तुटली नाही.